अभिजात कोण? संग्रही ठेवायच्या ध्वनिमुद्रिकांविषयी
'अभिजात' या शब्दाचा मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला, कुलीन. हा शब्द आपण संगीताला लावतो, वाङ्मयाला लावतो, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून तो आमच्या टेंभुर्णीच्या पारावरही ऐकू येऊ लागला आहे. बोलणाऱ्याच्या मनात त्या वेळी कूळ नसते, गुण असतो, हे मला मान्य आहे. तरीही गुणासाठी योजलेला शब्द कुळावरून उचललेला असावा आणि तो रसिकांना कधी टोचू नये, याचा विचार समीक्षेने करायला हवा होता. तो मला करावा लागला तो एका अगदी व्यावहारिक कारणाने.

टेंभुर्णी म्हणजे जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातली, सोलापूरकडची नव्हे. आमच्या वस्तीत विहाराला लागून एका खोलीचे वाचनालय आहे. गावातून शिकून बाहेर पडलेल्या एका गृहस्थांनी या वाचनालयाला आपला जुना रेकॉर्ड प्लेअर दिला आणि सोबत वीस हजार रुपये दिले. अट एकच, की या पैशांतून 'चांगले शास्त्रीय संगीत' घ्यावे. मी कॉलेजात मराठी शिकवतो, म्हणून यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. बैठकीत पहिलाच आक्षेप निघाला तो सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडून. ज्यांना आम्ही सगळे बाबा म्हणतो, ते म्हणाले, "सर, ही बामनाची गाणी आपल्याला काहून पायजेत? वामनदादाच्या कॅसेटीला बुरशी चढायली, त्याचं बघा आधी."

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या चळवळीने नकाराची भाषा कमावली ती अशाच अनुभवांतून. ज्या संस्कृतीने आपल्याला उंबऱ्याबाहेर ठेवले तिचे दागिने आपण आपल्या पैशाने का घ्यायचे? पण नकार द्यायचा तर वस्तू आधी हातात घेऊन पाहावी लागते. मनुस्मृती जाळण्यापूर्वी बाबासाहेबांनी ती वाचलेली होती.

आणि बाबासाहेबांचेच बोलायचे तर, उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, दिल्लीला २६ अलीपूर रोडवरच्या घरात, त्यांनी नानकचंद रत्तूंना रेडिओग्रामवर तबकड्या लावायला सांगितल्या. त्रिशरणाचे सूर लागले आणि डोळे मिटून तेही सोबत गुणगुणू लागले. पुढे जेवायला उठताना त्यांच्या ओठांवर कबीराचे पद होते. दुसऱ्या दिवशीची सकाळ आपल्याला ठाऊक आहे. आपल्या बापाने शेवटच्या रात्री पुस्तकांच्या सोबतीला तबकड्या मागितल्या, ही गोष्ट मी बैठकीत सांगितली तेव्हा बाबा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पन त्ये आपलं गानं व्हतं." तेही खरेच होते.

तेव्हा प्रश्न उरला तो हा, की यादीतले गाणे कोणाचे आहे.

मी दहा-बारा याद्या जमवल्या. संगीतावरच्या पुस्तकांच्या शेवटी दिलेल्या, संग्राहकांनी एकमेकांसाठी केलेल्या. सगळ्यांची तऱ्हा एकच: गायक, घराणे, राग, कंपनी, तबकडीचा क्रमांक. गायकाच्या गुरूचे नाव सापडते, गुरूच्या गुरूचेही सापडते. आईचे सापडत नाही. घराणे हा शब्द तिथे फार मोठ्याने येतो, पण ज्यांना घर मिळाले नाही, ज्यांना लग्नाच्या पंगतीत बसवले नाही, त्यांच्यावर त्या घराण्याचा किती भार होता हे कुठे लिहिलेले नसते. मी मग यादीतल्या नावांमागची माणसे शोधू लागलो, आणि बाबांचा आक्षेप माझ्या डोळ्यांदेखत उलटा झाला.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचा आवाज मेणात उतरवून घेतला. ती मूळची अँजेलिना योवर्ड, पेशाने तवायफ. गाणे तीन मिनिटांत संपते आणि शेवटी ती इंग्रजीत मोठ्याने आपले नाव सांगते. कारण तांत्रिक होते. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगाराला लेबल कोणते लावायचे हे कळावे म्हणून गाणाऱ्याने नाव सांगायचे. पण मला त्यात आणखी काही ऐकू येते. जिचे नाव सभ्य घरात उच्चारायचे नव्हते, ती बाई त्याच सभ्य घराच्या दिवाणखान्यात, कर्ण्यातून, मालकाच्या परवानगीशिवाय आपले नाव सांगते आहे. आपल्या परंपरेत याला नाममुद्रा म्हणतात. चोखोबांनी अभंगाच्या शेवटी ती ठेवली, आपल्या शाहिरांनी गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ठेवली. मालमत्ता नसलेल्या माणसाची तीच सही असते.

त्याच १९०२ साली २६ जुलैला कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. या दोन घटनांचा संबंध नाही. पण शाहूंच्या दरबारी गवई होते अल्लादियाखाँ, आणि खाँसाहेबांच्या आवाजाची तबकडी आपल्याला मिळत नाही. जयपूर घराण्याची ती अवघड, वेढे घेत जाणारी गायकी ऐकायची तर ती ज्यांना शिकवली त्यांच्याकडून. त्यांत पहिली दोन नावे येतात गोव्यातल्या दोन बायकांची: केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. दोघी देवळाच्या सेवेला बांधलेल्या कलावंत समाजातल्या. राजाराम पैंगीणकरांनी याच समाजात जन्मून 'मी कोण?' हे आत्मचरित्र लिहिले. आपल्या आत्मकथनांच्या वाचकाने ते जरूर पाहावे.

केसरबाईंच्या जुन्या तबकड्या नंतर एलपीवर आल्या. त्यांतला 'ललित', 'नट कामोद', 'कुकुभ बिलावल' ऐकावा. साडेतीन मिनिटांत संपणाऱ्या गाण्यात दुसरा कोणी घाई करील. केसरबाई करत नाहीत. आकार लावला की तो तुटत नाही, श्वास कुठे घेतला ते शोधावे लागते, आणि तान समेवर येते ती धापा टाकत येत नाही, घरी परतल्यासारखी येते. मला गाण्याचे शिक्षण नाही. पण पहिल्यांदा ऐकले तेव्हा एवढे कळले, की ही बाई कोणाची परवानगी मागत नाही. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अवकाशात सोडली तेव्हा त्यांतल्या सोनेरी तबकडीवर भारताचे म्हणून एकच गाणे गेले, ती त्यांची भैरवी. दुसरे यान ५ सप्टेंबरला उडाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. आज ती भैरवी सूर्यमालेच्या कडेबाहेर आहे. 'अभिजात' शब्दाचा कुळाशी असलेला संबंध त्या तबकडीने तोडला असे आपल्या संगीत-समीक्षकांनी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. देशाचा अभिमान मात्र सर्वांनी व्यक्त केला.

इथे एक सावधगिरी. कलावंतिणींचे दुःख आणि आपले दुःख एक आहे असे मी म्हणणार नाही. तशी सोयीची भावंडे जमवण्याची सवय आपल्या लेखनातही आहे. देवळाने त्यांना आत बांधून ठेवले, आपल्याला बाहेर ठेवले. त्यांच्या देहावर आणि गळ्यावर मालकी सांगितली. आपल्या सावलीचाही विटाळ मानला. दोन्ही हुकूम एकाच गाभाऱ्यातून निघाले, पण भोगणे वेगळे होते. आणि केसरबाईंनी पुढे मोठ्या बिदाग्या घेतल्या, मान मिळवला, शिष्य मात्र फारसे केले नाहीत, हेही आहेच. संतचरित्र लिहायला मी बसलेलो नाही.

गंगूबाई हनगल यांच्या बाबतीत हे जातीचे कुंपण अधिक उघड दिसते. धारवाडला १९१३ साली जन्म, आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीचे गाणे गाणारी. लहानपणी ग्रामोफोन वाजला की ही मुलगी रस्त्यावर धावत जाऊन उभी राही आणि तिथून जोहराबाई, गौहरजान ऐके. रस्त्यावर उभे राहून दुसऱ्याच्या घरातला आवाज ऐकणे हे काय असते, ते आमच्यापैकी ज्यांनी पाटलाच्या ओट्याखालून टीव्ही पाहिला त्यांना सांगायला नको. ब्राह्मण आळीत राहून 'गाणेवाली' हा टोमणा त्यांनी लहानपणापासून ऐकला. त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर कंपनीने नावही बदलून 'गांधारी हनगल' असे छापले. पुढे घशाचा आजार झाला, शस्त्रक्रिया झाली आणि आवाज खाली उतरला, पुरुषी झाला. माझी शिफारस अशी, की 'गांधारी'ची एखादी जुनी तबकडी आणि उत्तरवयातले एखादे मुद्रण लागोपाठ ऐकावे. पहिल्या आवाजात गोडवा आहे, दुसऱ्यात जमीन आहे. गोडवा गेल्यावर जे उरले त्यावर त्या पुढची अनेक दशके गायल्या. वयाच्या नव्वदीच्या आसपास त्यांनी एका मुलाखतीत म्हटले होते, की गाणारा पुरुष मुसलमान असला तर उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित होतो, पण केसरबाई आणि मोगूबाई बाईच राहतात. याद्यांमध्ये हे आजही तसेच आहे, तपासून पाहावे.

'बामनाची गाणी' हे म्हणणे इथे टिकत नाही, असे मी बाबांना सांगितले. मिरजेला राहिलेले अब्दुल करीमखाँ घ्या. ओडियन कंपनीने मुद्रित केलेली त्यांची 'झिंझोटी'तली ठुमरी दर यादीत असते, आणि असलीच पाहिजे. आवाज सुईच्या टोकाएवढा आणि दुःख आभाळाएवढे. ब्राह्मणांनी हे गाणे शिकून घेतले, त्याला शाळा दिल्या, पुस्तके दिली, स्वरलिपी दिली. ते श्रेय त्यांचे आहे. पण सांभाळणारा आणि मालक यांतला फरक आपण तरी विसरू नये.

आता याद्यांत मुळीच नसलेल्या माणसांविषयी. तंबोऱ्याशिवाय यांतली एकही तबकडी उभी राहत नाही. तो तंबोरा बहुधा मिरजेचा. तिथले कारागीर शिकलगार, म्हणजे मूळचे हत्यारांना धार लावणारे. राज्ये गेली, हत्यारे गेली, तेव्हा त्यांनी वाद्ये हाती घेतली. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, एवढे तरी झाले. तबल्याचे मात्र तसे नाही. पुडी बकऱ्याच्या कातड्याची, ती आवळणारी वादीही चामड्याची. मधल्या शाईवर तासन्‌तास घोटणी चालते तेव्हा कुठे तबला बोलतो. तबलजीचे नाव वेष्टनावर बारीक अक्षरांत का होईना असते. हार्मोनियमच्या साथीला आमच्या जालन्याकडचे अप्पा जळगावकर असले तर त्यांचेही असते. कातडे कमावणारा कुठेच नाही. दक्षिणेत मृदंग करणाऱ्या दलित ख्रिस्ती कुटुंबांवर टी. एम. कृष्णा यांनी 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक २०२० साली लिहिले, तेव्हा प्रकाशनासाठी आधी दिलेले सभागृह चेन्नईच्या कलाक्षेत्राने परत घेतले. गाईच्या कातड्यावर देवाची स्तुती वाजते हे वाजवणाऱ्यांना ठाऊक असते. ते छापलेले चालत नाही. आणि खुद्द जुनी तबकडी कशाची? लाखेची. ती लाख छोटा नागपूरच्या रानात आदिवासी गोळा करत. म्हणजे वाद्य, कातडे, तबकडी, आणि पुष्कळदा गळाही बहिष्कृतांचा किंवा उपेक्षितांचा. अभिजात उरला तो ऐकणारा.

यादीतल्या दोन गोष्टींवर मात्र माझे संग्राहकांशी भांडण आहे.

पहिली म्हणजे कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने. १९४८ साली कुमारजी देवासला आले, क्षयाने काही वर्षे अंथरुणाला खिळले, आणि त्या काळात माळव्यातल्या लोकांचे गाणे त्यांच्या कानावर पडत राहिले. त्यातून त्यांचा कबीर आला. तबकडी थोर आहे. सूर असा फेकला जातो की मागची शांतताही गाण्याचा भाग होते. पण याद्या तिथेच थांबतात, जणू कबीर देवासच्या एका बंगल्यात सापडला. ज्या माळव्यातून तो आला तिथे दलित वस्त्यांत तंबुरा आणि करताल घेऊन रात्ररात्र कबीर गाणारे लोक होते आणि आहेत. प्रल्हादसिंग टिपानिया त्यांतलेच. लुनियाखेडीचे, पेशाने शाळामास्तर. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या मुद्रणांत गाणे मध्येच थांबते, मास्तर अर्थ सांगतात, लोकांना प्रश्न विचारतात, पुन्हा गातात. संग्राहकाला हा व्यत्यय वाटेल. मला वाटते कबीर असाच बोलला असेल. कुमारजींचा कबीर एकटा आहे, टिपानियांचा कबीर गर्दीत आहे. दोन्ही एका फळीवर ठेवावेत. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले. त्या कबीराची दोन्ही गाणी आपल्याकडे हवीत.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. जितेंद्र अभिषेकींनी गायलेला चोखामेळ्याच्या नावावरचा विठ्ठलाच्या रंगाचा अभंग महाराष्ट्रात माहीत नाही असे घर नसेल. आषाढीला तो लाउडस्पीकरवर असतो. बुवा मंगेशीचे, देवळाच्या अभिषेकाचे काम करणाऱ्या घराण्यातले; आडनावही त्यावरूनच. आवाजात आर्तता आहे, चाल गोड आहे. आणि त्या अभंगात चोखोबा विचारतात, की आम्ही हीन जातीचे, उंबऱ्याला शिवावे तरी कसे आणि तुझे रूप पाहावे तरी कसे? पायरीशीच गात राहू, असे ते शेवटी ठरवतात. ज्याच्या घराण्याला गाभारा मोकळा होता त्याने हे गावे यात मला गैर वाटत नाही. उलट बुवांनी ते निवडले हा त्यांचा मोठेपणा. माझी तक्रार चालीविषयी आहे. इतकी गोड चाल, की प्रश्न विरघळून जातो. लोक टाळ्या वाजवतात, मुलांच्या स्नेहसंमेलनात त्यावर गुलाल उधळतात, आणि उंबऱ्याचा प्रश्न विचारला गेला हे कोणाच्या कानावरही येत नाही. रस असा असतो का, की ज्याने अर्थ ऐकू येईनासा व्हावा? हा प्रश्न मी वर्गात विचारला तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, लहानपणापासून पाठ आहे, पण त्यात जातीचं आहे हे आज कळलं." ती आमच्याच वस्तीतली होती. ही तबकडी घ्यावीच. मात्र एकदा न गाता, नुसता अभंग मोठ्याने वाचून मग ती लावावी.

अमीरखाँच्या 'मारवा' आणि 'दरबारी'च्या एलपीविषयी मला जातीचे काहीही सांगायचे नाही. मारव्यात षड्ज इतका उशिरा येतो की माणूस संध्याकाळी घराबाहेर ताटकळत राहिल्यासारखा होतो. ती तबकडी मी सोळा-सतरा वेळा ऐकली आहे आणि दरवेळी हातातले काम थांबले आहे. आपल्या माणसाला नुसत्या सुखासाठी ऐकण्याचाही हक्क आहे. दरवेळी पुरावा म्हणूनच ऐकावे असे नाही.

घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. भावनेच्या भरात लाखेच्या जुन्या तबकड्या घेऊ नयेत. त्या ७८ फेऱ्यांच्या, त्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते, आजच्या पुष्कळशा यंत्रांवर त्या वाजत नाहीत आणि हातातून पडली की खापऱ्या होतात. त्यांतले उत्तम गाणे एलपीवर पुन्हा निघालेले आहे. मुंबईच्या चोरबाजारात एलपी घेताना ती उजेडात तिरपी धरून चरे पाहावेत, सपाट आहे की वाकलेली ते पाहावे, आणि वेष्टनातली तबकडी वेष्टनावरच्याच नावाची आहे ना हे तपासावे; मी एकदा न तपासता आलो आणि घरी येऊन लावली तर आत हिंदी चित्रपटाची गाणी. जुन्या मुद्रणांची अचूक माहिती हवी असेल तर १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने काढलेले अंक उपयोगी पडतात.

आमच्या बैठकीचा निकाल असा झाला. बारा एलपी घेतल्या. प्रत्येकीसाठी एक कार्ड केले. त्यावर गाणाऱ्याचे नाव, जन्मगाव, आई, गुरू, साथीदार, आणि वाद्य करणारा असे रकाने आखले. शेवटचा रकाना सगळ्या कार्डांवर कोरा आहे. देणगीदारांना मी पत्र लिहून विचारले, की उरलेल्या सहा हजारांत कॅसेटवरून संगणकावर आवाज उतरवून घेण्याचे यंत्र घेतले तर अटीत बसेल का. त्यांचे उत्तर एका ओळीचे आले: "चांगलं संगीत म्हणालो होतो, बसतं." बाबांच्या घरच्या वामनदादा कर्डकांच्या एकोणीस कॅसेटींपैकी चौदा वाचल्या. पाचांचा फितीचा गुंता सुटला नाही. एका कॅसेटीत वामनदादा गाण्याआधी कोणाशी तरी बोलत आहेत, मागे पेटी जुळवली जात आहे आणि एक लहान मूल रडते आहे; ते मूल कोणाचे यावर वस्तीत दोन मते आहेत.

जुन्या आंबेडकरी जलशांचे, गायन पार्ट्यांचे मुद्रण मराठवाड्यात कोणाकडे टेपवर असेल तर कृपया संपादकांमार्फत कळवावे. मूळ टेप आम्ही ठेवून घेणार नाही. आठ दिवसांत परत करू, आणि कार्डावर देणाऱ्याचे नाव लिहू.